साठ हजारांत गेमिंग पीसी: खर्च कुठे करायचा, हात कुठे आखडायचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की बऱ्याच घरांत गेमिंग पीसीचा विषय निघतो. त्याच सुमारास खरेदीच्या संकेतस्थळांवर एक जाहिरात हमखास दिसते: कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, किंमत वीस-बावीस हजार. ती वाचून आई-वडिलांना वाटतं, मुलं साठ-सत्तर हजारांचा आकडा उगाच सांगताहेत. पण या जाहिरातीतला आय७ बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ सालचा, कचेऱ्यांमधून भंगारात निघालेला असतो. मदरबोर्ड त्याच काळातल्या एच६१ चिपसेटचा, अनोळखी नावाचा. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, जे २०१४ मध्ये आलं तेव्हाही गेमिंगचं नव्हतं. अशा यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. थोडक्यात, हे बावीस हजार पाण्यात जातात.

आजचे गेम नीट चालवणारा नवा पीसी, मॉनिटर वगळून, साधारण साठ हजारांत उभा राहतो. त्याहून स्वस्तात भागवायचे दोन मार्गही आहेत, ते पुढे सांगतो. अट एकच: प्रत्येक भाग तुम्ही स्वतः, मॉडेलच्या पूर्ण नावासह निवडायचा. दुकानात ‘पूर्ण सेट’ म्हणून लावून दिलेल्या यादीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं चांगली असतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच विचारतं. काटछाट होते ती एसएमपीएस (म्हणजे वीज पुरवणारा डबा), रॅम आणि मदरबोर्डमध्ये.

आधी हिशेब

खालचे आकडे १८ टक्के जीएसटी धरून आहेत आणि ते अंदाजपत्रक म्हणून वापरायचे आहेत. या बाजारात दर आठवड्याला भाव हलतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी प्रत्येक ओळ पुन्हा तपासा.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० साठी साडेनऊ हजार बाजूला ठेवा. बी४५० किंवा बी५५० चिपसेटच्या साध्या मदरबोर्डला साडेसहा हजार, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमना साडेदहा हजार, आरएक्स ६६०० या ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला एकवीस हजार, ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीला पाच हजार, ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला साडेचार हजार आणि जाळीदार कॅबिनेटला तीन हजार. बेरीज बरोबर साठ हजार.

यात मॉनिटर नाही, कीबोर्ड-माउस नाही, यूपीएस नाही. त्यांचे नऊ हजार, दीड हजार आणि साडेपाच हजार धरले की आकडा शहात्तर हजारांवर जातो. घरात हा शेवटचा आकडा पहिल्याच दिवशी सांगावा. साठ म्हणून सुरुवात करायची आणि मग दर आठवड्याला ‘अजून एवढंच’ म्हणत राहायचं, यातून घरची चिडचिड वाढते आणि शेवटचे पैसे संपल्यामुळे मॉनिटर कोणता तरी घेतला जातो. विंडोजच्या अधिकृत परवान्याचे पैसे वेगळे. पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ कंपन्यांच्या घाऊक परवान्यातून फोडलेल्या असण्याची शक्यता दाट, त्या केव्हाही बंद पडू शकतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

काय खेळणार, हे आधी ठरवा

फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि मित्रांबरोबर थोडं माइनक्राफ्ट एवढंच असेल, तर ग्राफिक्स कार्ड आज घेऊच नका. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूत आहे. त्याचे साडेअकरा हजार धरले आणि कार्ड वगळलं, तर बाकी यादी तशीच ठेवून पीसी एक्केचाळीस हजारांत होतो. व्हॅलोरंट त्यावर फुल एचडीत, सेटिंग खाली ठेवून, छान चालतो. जीटीए ५ सुद्धा तडजोड करून खेळता येतो. यात एक पथ्य मात्र कडक पाळायचं: रॅम दोनच काड्यांमध्ये घ्यायची. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. १६ जीबीची एकच काडी लावली तर त्याचा रस्ता निम्मा होतो आणि गेमची गती लक्षात येण्याइतकी पडते. वर्षभराने पैसे साठले की याच पीसीत कार्ड बसवता येतं. म्हणूनच एसएमपीएस पहिल्या दिवशीच चांगला घ्यायचा.

दुसरा स्वस्त मार्ग जुन्या ऑफिस पीसीचा. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क मालिकेतला, इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५ असलेला, नूतनीकरण केलेला डेस्कटॉप बारा-पंधरा हजारांत शोधता येतो. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत आणि त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. अशा पीसीचा एसएमपीएस लहान असतो, ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीजवाहिनी नसते. तिथे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल बसतं, कारण ते ७० वॅटमध्ये भागतं आणि सगळी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच घेतं. कॅबिनेट चपटं असेल तर त्याचं ‘लो प्रोफाइल’ म्हणजे बुटकं मॉडेल घ्यावं लागेल. तीस हजारांच्या आसपास, कॉलेजचं काम आणि मध्यम गेमिंग दोन्ही करणारं यंत्र हवं असेल तर मी हेच सुचवेन. सुरुवातीच्या जाहिरातीतला पीसी आणि हा, दोन्ही जुनेच. पण मधल्या सहा-सात वर्षांचा फरक सगळं ठरवतो.

रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक २०७७ असे मोठे गेम डोळ्यांसमोर असतील, तर साठ हजारांच्या यादीला पर्याय नाही.

ग्राफिक्स कार्ड: नावाच्या शेपटीकडे पाहा

बजेटचा सुमारे तिसरा हिस्सा इथे जातो आणि जायलाच हवा. आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड आहे, पण फुल एचडीसाठी अजूनही पुरेसं. मोठे गेम मध्यम ते उंच सेटिंगवर सेकंदाला साठ चित्रांच्या आसपास चालतात, व्हॅलोरंटसारखे गेम त्याच्या कितीतरी वर. वीज फक्त १३२ वॅट खातं. जुनं असल्यामुळे ड्रायव्हरमधल्या नव्या सोयींची फार अपेक्षा मात्र ठेवू नका. ते मिळत नसेल किंवा पाच-सहा हजार वाढवणं शक्य असेल तर आरएक्स ७६००. दहा हजार वाढवता आले तर आरटीएक्स ५०६०. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड कागदावर मोह पाडतं, पण मध्यम ताकदीच्या प्रोसेसरबरोबर त्याची गती घसरते. म्हणून ५६०० च्या जोडीला ते नको.

फसवणूक सर्वाधिक याच खात्यात. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं मॉडेल आणि ६ जीबीचं मॉडेल यांत फक्त मेमरीचा फरक नाही. ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा मार्गही अरुंद आहे. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ हे तर नाव ५८० चं, पण आतला ऐवज ५७० चा. प्रोसेसरचंही तसंच: ५६००, ५६००एक्स, ५६००जी आणि ५५०० हे चार वेगळे प्रोसेसर आहेत. ५५०० आणि ५६००जी मध्ये कॅशे मेमरी ५६०० च्या निम्मी आहे. दुकानदार म्हणाला, “ते स्टॉकमध्ये नाही, पण त्याच्यापेक्षा भारी देतो,” तर तिथेच मोबाइलवर दोन्ही मॉडेलं समोरासमोर ठेवून पाहा. घाईने हो म्हणू नका.

एसएमपीएस: इथे वाचवलेले दोन हजार महागात पडतात

वाचकांनी या लेखातली एकच गोष्ट पाळली तरी मला समाधान वाटेल: कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस गेमिंग पीसीत लावू नका. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. प्रत्यक्षात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जी वीज घेतात ती १२ व्होल्टच्या वाहिनीतून येते, आणि त्या वाहिनीची ताकद लेबलवर ॲम्पिअरमध्ये लिहिलेली असते. बाराने गुणा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार पाचशेच्या पुढे जातो. स्वस्तातल्यात तो दोनशेच्या आसपासही घुटमळतो, आणि कित्येकांच्या लेबलवर ही ओळच नसते. असा एसएमपीएस रोजच्या टायपिंगला टिकतो. गेम सुरू झाला, कार्डाने एकदम वीज ओढली, की पीसी आपोआप बंद होतो. बरेच जण मग विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलून पाहतात, दोष मात्र तिसरीकडेच असतो. हे त्यातल्या त्यात बरं. वाईट म्हणजे, जळताना तो व्होल्टेज आत सोडतो आणि एकवीस हजारांचं कार्ड बरोबर घेऊन जातो.

साठ हजारांच्या या पीसीला गेम चालू असताना भिंतीतून साधारण अडीचशे वॅट लागतात. मग ५५० कशाला? कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या बरंच वर झेप घेतं, आणि पुढे मोठं कार्ड लावायचं झालं तर एसएमपीएस बदलावा लागू नये, म्हणून. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ ही खूण हवीच, पण ती फक्त विजेची नासाडी किती कमी होते एवढंच सांगते. संरक्षण किती चांगलं, याचा अंदाज वॉरंटीवरून बांधावा. पाच वर्षांची हमी देणारा घ्या. कोर्सेअर सीएक्स५५०, डीपकूल पीके५५०डी, एमएसआय मॅग ए५५०बीएन ही तिन्ही या किमतीतली विश्वासाची नावं. जुना, वापरलेला एसएमपीएस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

आता घराच्या विजेबद्दल. आपल्याकडे अनेक घरांत तीन खाचांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा की अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या, पीसी नंतर. यूपीएस घेताना व्हीएवर जाऊ नका, वॅट विचारा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो. पीसी आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. १००० व्हीएच्या पुढचा, ६०० वॅटचा घ्यावा. त्यावर गेम खेळत बसायचं नाही, फक्त पाच मिनिटांत काम जतन करून पीसी बंद करायचा.

वीजबिलाची काळजी आई-वडिलांना असतेच. रोज तीन तास, अडीचशे वॅटने, महिन्याला साडेबावीस युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वादोनशे रुपये. महावितरणच्या बिलावरचा तुमच्या टप्प्याचा दर घालून हा हिशेब करून पाहा.

रॅमचा भाव का भडकला

२०२५ च्या मध्यापर्यंत १६ जीबी डीडीआर४ ची जोडी तीन-साडेतीन हजारांत मिळत होती. त्या वेळच्या व्हिडिओंमध्ये दाखवलेलं बजेट आज जुळत नाही, याचं मुख्य कारण हेच. मेमरी चिप बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवली आणि घरगुती रॅमचा तुटवडा झाला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीचे भावही त्याच कारणाने चढले.

यावर उपाय दोन. एक, डीडीआर५ लागणाऱ्या नव्या एएम५ सॉकेटऐवजी, ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ वरच राहायचं. एएम४ ला पुढे नव्या पिढीचे प्रोसेसर येणार नाहीत हे खरं, पण ५६०० वरून ५७००एक्ससारख्या आठ कोअरच्या प्रोसेसरवर जाण्याची वाट उघडी राहते. हाताशी आणखी पंधरा-वीस हजार असतील तरच एएम५ चा विचार करा. दुसरा उपाय, रॅम जुनी घ्या. रॅम झिजत नाही, त्यामुळे जुन्या बाजारात निर्धास्तपणे घ्यावा असा जवळजवळ हा एकच भाग. घरी आणून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा एक पूर्ण फेरा चालवा. एकही चूक दिसली तर परत करा, आणि परत घेण्याचं कबूल करून घेऊनच पैसे द्या.

जुनं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर समोर चालवून पाहिल्याशिवाय नको. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम कार्डाची खरी ओळख सांगतो. एनव्हिडियाच्या बनावट कार्डापुढे तो ‘फेक’ असंच लिहितो. मग कार्डाला ताण देणारा फरमार्क पंधरा मिनिटं चालवा, पडद्यावर ठिपके-रेघा उमटतात का, पंखे घरघरतात का ते पाहा. मूळ बिल आणि सिरियल नंबर नसेल तर वॉरंटी शिल्लक आहे हे तोंडी आश्वासन धरू नका.

मदरबोर्ड आणि एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बी४५० बोर्ड घेताना बायोस रायझन ५००० साठी अद्ययावत आहे का एवढं विचारा, नाहीतर नवा पीसी सुरूच होत नाही. ५०० जीबी एसएसडीवर मोठे गेम तीन-चारच मावतात. जमल्यास १ टीबी घ्या. मॉनिटर २४ इंची, आयपीएस, फुल एचडी, १०० हर्ट्झ किंवा अधिक. कॅबिनेटला समोर काच नको, जाळी हवी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा काचेमागचं कार्ड गुदमरतं. दिव्यांच्या रोषणाईवर हजार रुपये घालण्यापेक्षा हवा आत ओढणारे दोन पंखे घ्या.

खरेदी आणि जोडणी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येणारा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या वस्तूंचा जुना बाजार. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. प्राइमएबीजीबीचं दुकान तिथेच आहे आणि ते ऑनलाइनही विकतात. कोलकात्याचे एमडी कॉम्प्युटर्स आणि वेदांत कॉम्प्युटर्स देशभर कुरिअरने पाठवतात. लातूर, जळगाव, सावंतवाडीच्या वाचकांनी या तिघांचे भाव उतरवून गावातल्या दुकानदाराकडे जावं. तो पाच टक्के जास्त मागत असेल तर मी तिथूनच घेईन, कारण वॉरंटीचं पार्सल मुंबई-कोलकात्याला पाठवण्याचा त्रास तो स्वतःवर घेतो. मात्र ती जबाबदारी तो घेणार का, हे आधी स्पष्ट विचारा. कुरिअरने मागवलं तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. तुटका भाग आला तर तोच पुरावा.

जोडणी दुकानात हजार-दीड हजारांत करून मिळते, पण ती घरी जमते आणि मुलांनी ती करावी असं मला मनापासून वाटतं. एक चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मोकळं टेबल आणि एक दुपार पुरते. प्रोसेसर त्रिकोणी खूण जुळवून, दाब न देता ठेवायचा. एएम४ प्रोसेसरच्या पिना नाजूक असतात. त्याच्याबरोबर येणाऱ्या कूलरला थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते. चार खाचांचा बोर्ड असेल तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि कार्डाची आठ पिनांची तार सारखी दिसते, पण वेगळी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. पीसी सुरू झाल्यावर तीन गोष्टी बहुतेक जण विसरतात. मॉनिटरची तार बोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डला लावा (५६००जी वाल्यांनी बोर्डलाच). बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच धावते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा स्वतः निवडा, नाहीतर १४४ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालतो.

शेवटची गोष्ट बिलाची. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के कमी’ हा प्रस्ताव पुढे आला तर नम्रपणे नाही म्हणा. प्रोसेसरला आणि कार्डाला सहसा तीन वर्षांची, एसएमपीएसला पाच वर्षांची हमी असते, आणि ती मागताना बिल लागतं. बिलावर ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ असं लिहू देऊ नका. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळ्या ओळीत हवा. सीलबंद खोक्याऐवजी ‘ट्रे’ प्रोसेसर दिला जात असेल तर त्याला कूलर नसतो आणि हमी कंपनीची नव्हे, विक्रेत्याची असते. मग तीही बिलावर लिहून घ्या. विक्रेता ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.